आठवड्याचं गाणं : फरशीवालं, वाळवंटातलं आणि सीमांतपूजनाचं

गेल्या आठवड्यात मी तुम्हाला 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' पाहायला सांगितलं होतं. जामिरोक्वाय या ब्रिटिश बँडचं हे १९९६ चं गाणं. मोठ्ठी टोपी घातलेला गायक एका खोलीत नाचतो आणि त्याच्या पायाखालची जमीन घसरत राहते. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. एका गृहस्थांनी तर मला अप्पा बळवंत चौकात गाठलं आणि हातातली पुस्तकांची पिशवी खालीही न ठेवता प्रश्न विचारला. त्यांचाही प्रश्न खाली घेतला आहे.

नवीन वाचकांसाठी एवढंच, की नारायण पेठेतल्या एका बोळात १९८४ पासून वीस वर्षं आमचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं गाण्यांची यादी आणायची, आम्ही कोऱ्या कॅसेटवर ती भरून द्यायची. परवान्याचं विचारू नका. तेव्हा गल्लोगल्ली हेच चालायचं. बरोबर होतं असं माझं म्हणणं नाही. यजमान डबल डेकवर बसायचे, सकाळ-संध्याकाळ गल्ला माझ्याकडे, आणि दुपारी सासूबाई.

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आम्ही अकरा निवृत्तांनी ठरवलं, की दर रविवारी प्रत्येकानं आपली आवडती पॉप गाणी आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकायचे. पहिल्याच रविवारी मी चौदा लिंक टाकल्या. उत्तरादाखल नऊ जोडलेले हात आणि एक 'सुप्रभात' आलं. एकानंही एकही गाणं ऐकलेलं नाही, मी फोन करून खात्री केली. लोकांना कान उरले नाहीत का? — एक निवृत्त बँक अधिकारी

उत्तर : कान आहेत. तुम्ही फोन करायला लागल्यापासून ते झाकून ठेवले असतील.

चौदा गाणी म्हणजे किती होतं माहीत आहे? चार-चार मिनिटांचं एकेक धरलं तर एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. म्हणजे साठ मिनिटांची एक आख्खी कॅसेट. कॅसेट भरून घ्यायला लोक आमच्याकडे दोन-दोन दिवस थांबायचे आणि वर पैसे द्यायचे. तुम्ही ती रविवारी सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, दहा जणांच्या डोक्यावर फुकट ठेवलीत.

सासूबाईंची वही आठवते अशा वेळी. त्या मराठी सातवी, फायनल झालेल्या. इंग्रजी अक्षरं लावून वाचायच्या, पण अर्थाच्या वाटेला जायच्या नाहीत. दुपारी गिऱ्हाईक येऊन 'काकू, ते मायकल जॅक्सनचं आहे ना, त्यातलं ते…' एवढं म्हणून थांबलं, की त्यांची पंचाईत व्हायची. म्हणून त्यांनी एक दोनशे पानी वही केली. डावीकडे आमच्या मूळ कॅसेटचा नंबर आणि उजवीकडे गाण्याबद्दल त्यांचं स्वतःचं एक वाक्य. 'बिली जीन'पुढे त्यांनी लिहिलंय, 'पाय पडेल तिथली फरशी उजळते.' पुढे केबल आल्यावर शेजारी जाऊन व्हिडिओ पाहिला होता त्यांनी. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'पुढे आहे, 'आधी आईपाशी रडतो, मग पंधरा-वीस जण कचाकचा भांडतात, मग हाणामारी, शेवटी दमून गप्प.' क्वीन या बँडचं १९७५ चं हे सहा मिनिटांचं गाणं जगभर कितीतरी जाणकारांनी उलगडून सांगितलंय. इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

आणि गंमत अशी, की वहीचं वाक्य वाचून दाखवलं की गिऱ्हाईक हमखास ते गाणं घ्यायचं. मूळ मागितलेलं राहायचं बाजूला. 'काकू, ते हाणामारीचं पण घाला.'

तेव्हा साहेब, लिंक एकच टाका. तिच्यावर तुमचं एक वाक्य लिहा. 'अप्रतिम', 'सदाबहार', 'जुनं ते सोनं' ही वाक्यं नव्हेत, ते शिक्के आहेत. नेमकं कुठं कान द्यायचा ते सांगा. बोहेमियनच टाकणार असाल तर लिहा, 'तिसऱ्या मिनिटाला भांडण सुरू होतं, तिथपर्यंत थांबा.' माणूस भांडणासाठी थांबतोच, निदान कोथरूडमध्ये तरी. गाण्याशी तुमचं स्वतःचं काही असेल, पहिली बदली, कॅन्टीनचा रेडिओ, तर तेही लिहा. पण दोन ओळींत.

एक राहिलंच. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बाकीच्या दहा जणांनी त्या रविवारी कुठली गाणी टाकली होती, त्याचा त्यात एका अक्षरानं उल्लेख नाही.

प्रश्न : 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी'त जमीन सरकते ती कशी? माझं म्हणणं, विमानतळावर सामानाचा असतो तसा पट्टा आहे. मुलगा म्हणतो, सगळं कॉम्प्युटरवर केलंय. दोन मिसळींची पैज आहे. — अप्पा बळवंत चौकातले गृहस्थ

उत्तर : दोघंही हरलात. जमीन जागची हलतच नाही. भिंती हलतात.

हे मला फिल्म इन्स्टिट्यूटच्या एका मुलानं दुकानात करून दाखवलं होतं, तसंच सांगते. त्यानं बिस्किटांचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका घेतला, त्याचा तळ कापून टाकला आणि खोका काउंटरच्या काचेवर ठेवला. आत मधोमध शाईची दौत ठेवली. ती म्हणजे गायक. एका बाजूला डोळ्याएवढं भोक पाडलं. तो कॅमेरा. 'काकू, भोकातून बघत राहा,' म्हणाला आणि खोका हळूहळू सरकवायला लागला. मीही डोळा लावून खोक्याबरोबर सरकत गेले. दौत जागच्या जागी, पण मला दिसत होतं असं, की भिंती स्थिर आहेत आणि दौतच काचेवरून घरंगळत चाललीय. कॅमेरा भिंतीलाच जखडलेला म्हटल्यावर भिंत सरकलेली त्याला कळणार कशी? बाकावरून उतारूला फलाट मागं जाताना दिसतो, तसंच. खोलीतला सोफा कधी गायकाबरोबर जागेवर राहतो, कधी भिंतीबरोबर सरकतो. जिथं ज्याला चिकटवला असेल तसा. जोनाथन ग्लेझर या दिग्दर्शकाची ही करामत, आणि पुढच्याच वर्षी एमटीव्हीनं त्याला वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरवलं.

सासूबाईंनी हे सगळं पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, 'दौत सांडली असती म्हणजे?'

तुम्हाला असल्या करामती आवडत असतील तर आणखी दोन पाहा. पहिलं, कोल्डप्लेचं 'द सायंटिस्ट'. त्यात सगळं उलटं चालतं. माणूस उलटा चालतो, फुटलेली काच सांधली जाते, पण गायकाचे ओठ मात्र शब्दांबरोबर सुलट हलतात. कारण चित्रीकरणाच्या वेळी तो आख्खं गाणं उलटं म्हणत होता, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत. त्यासाठी ख्रिस मार्टिननं महिनाभर घोकंपट्टी केली. आमच्याकडे रामरक्षा सुलट पाठ व्हायला दोन महिने लागले होते.

दुसरं, आ-हा या नॉर्वेच्या बँडचं 'टेक ऑन मी'. चहाच्या दुकानात बसलेली मुलगी चित्रकथेच्या पानात ओढली जाते, तिथं पेन्सिलीनं काढलेला मुलगा भेटतो. आधी माणसांचं चित्रीकरण केलं आणि मग एकेका चौकटीवरून पेन्सिलीनं चित्रं काढली, सुमारे ३,०००. त्यातल्या चित्रकारांचे हात कसे आले असतील, देव जाणे. या गाण्याची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये साध्या व्हिडिओसकट आली होती आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. १९८५ मध्ये गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित केलं, हा पेन्सिलवाला व्हिडिओ जोडला आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. व्हिडिओ म्हणजे नुसती वरची सजावट असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते.

मिसळी तुम्ही दोघांनी मिळून मला द्यायच्या. तिखट कमी.

प्रश्न : माझी पंधरा वर्षांची मुलगी दर शुक्रवारी रात्री मला कोरियन गाण्याचा एक व्हिडिओ दाखवते. सात मुलं, सगळी सारखीच दिसतात, भाषा कळत नाही. मी 'छान आहे' म्हणते. तर ती रुसते आणि दार लावून घेते. काय करू? — एक आई, कर्वेनगर

उत्तर : आधी 'छान आहे' हे दोन शब्द घरात बंद करा. भाजीला म्हणा हवं तर.

पंधरा वर्षांची मुलगी आपणहून आईला काही दाखवायला येते आहे आणि तेही आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी! अहो, माझ्या ओळखीतल्या बायका यासाठी नवस बोलतील.

सात मुलं म्हणजे बहुतेक बीटीएस. २०१३ साली सुरू झालेला हा बँड. २०२० च्या ऑगस्टमध्ये यांचं 'डायनामाइट' आलं आणि अमेरिकेच्या बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाणारा हा पहिला कोरियन बँड ठरला. ते गाणं सगळं इंग्रजीत आहे, तुम्ही तिथून सुरुवात करा. सारखी दिसतात म्हणता, तर तिला विचारा, 'तुझा बायस कोण?' सातांपैकी आपला लाडका जो, त्याला ही मुलं बायस म्हणतात. नाव सांगेल. मग पूर्ण व्हिडिओभर त्या एकाच मुलावर नजर ठेवा. दोन शुक्रवारांत तुम्हाला सातही वेगळे ओळखू येतील. पथकात वीस ढोल असले तरी आपल्या पोराचा ढोल आईला ओळखू येतोच ना, तसं.

पथकावरून आठवलं. या गाण्यांत ज्याला पॉइंट म्हणतात ती एक हालचाल असते. धृपद आलं की तीच परत येते, म्हणजे बघणाऱ्याला घरी करता यावी. साय या कोरियन गायकाचं २०१२ चं 'गंगनम स्टाइल' आठवा. घोडा हाकल्यासारखा नाच. तो आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतही शिरला होता. त्याला इतके प्रेक्षक लाभले, की २०१४ मध्ये यूट्यूबचा आकडा मोजायचा कप्पाच अपुरा पडायला आला. २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे त्याला मोजताच येत नव्हतं. मग त्यांनी कप्पा मोठा केला. तर पुढच्या शुक्रवारी तिला विचारा, 'यातला पॉइंट कुठला?' आणि उभं राहून करून बघा. गुडघे जपून.

आता तुमची पाळी. तुम्ही वय लिहिलं नाहीत, पण पंधरा वर्षांची मुलगी म्हणजे तुम्ही चाळिशीच्या आसपास. तुमच्या शाळेत 'ओ सनम' असणारच. लकी अलीचं, १९९६ चं, इजिप्तमध्ये चित्रित केलेलं. सासूबाईंच्या वहीत त्यापुढे आहे, 'वाळवंटात एकटाच. तक्रार नाही.' ते मुलीला दाखवा. ती 'छान आहे' म्हणेल. मग तुम्ही दार लावून घ्या.

तेवढ्यानं भागलं नाही तर दलेर मेहंदीचं 'तुनक तुनक तुन' लावा. त्याची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या देखण्या मुलींमुळे, असं लोक बोलायला लागले होते. म्हणून १९९८ मध्ये पठ्ठ्यानं असा व्हिडिओ केला, की त्यात चार माणसं आणि चारही दलेर मेहंदीच. मुलीला सांगा, हा आमचा बॉय बँड होता, आणि एका माणसात भागायचा.

प्रश्न : हल्लीची गाणी दोन-अडीच मिनिटांत संपतात. घाई कसली आहे? — एक वाचक, धनकवडी

उत्तर : पैशांची. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी तीस सेकंद ऐकलं की गाणं 'वाजलं' असं मोजतात. मग सुरुवातीच्या संथ आलापीत वेळ कोण घालवणार? धृपदच आधी आणून ठेवतात. पण गाणं यंत्राच्या मापानं शिवायची पद्धत जुनीच आहे. दहा इंची ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची, म्हणून तर तीन मिनिटांची सवय जगाला लागली. आमच्याकडेही बाजू संपायला दोन मिनिटं उरली की यजमान ओरडायचे, 'एखादं छोटं आहे का गं?'

प्रश्न : जुन्या बाजारात पाश्चात्त्य गाण्यांच्या तबकड्या मिळतात. घ्याव्यात का?

उत्तर : घ्याव्यात, बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर जाऊन. तबकडी डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाकलेली नाही ना ते बघा. धूळ पुसता येते, चरा पुसता येत नाही. ७८ ची असेल तर तुमच्या एलपीच्या सुईवर लावू नका, तिला जाड सुई लागते. आणि पिशवीत तळाशी ठेवू नका, लाखेची असते, बटाट्यांखाली फुटते. अनुभवानं सांगते.

प्रश्न : सदाशिव पेठेतून एका वाचकांनी चार पानी पत्र पाठवलं आहे. ते सगळं छापता येत नाही. सार असं : मराठी साप्ताहिकात दर वेळी परदेशी पॉप गाण्यांचं कौतुक का? मराठीत असं काही झालंच नाही का? की सांगायला लाज वाटते?

उत्तर : लाज वाटत असती तर दुकानाच्या दारावर 'ऐका दाजीबा' एवढ्या मोठ्यानं लावलं नसतं. शेजारच्या शिंप्यानं तक्रार केली होती. वैशाली सामंत यांचा तो खणखणीत आवाज, आणि गाण्याला चांगला सजवलेला व्हिडिओ. मराठी गाण्याला असा व्हिडिओ असतो हेच तोवर कितीतरी गिऱ्हाइकांना नवीन होतं. त्याआधी मिलिंद इंगळे यांचा 'गारवा' आला होता, सौमित्र यांचे शब्द. तो पहिल्या पावसात मागायला लोक छत्री दारात ठेवून यायचे. सासूबाईंचं वाक्य, 'हा बोलतो पण आणि गातो पण. भजी करावीत.'

इथं एक गोष्ट कबूल करते. 'गारवा' आम्ही कधी भरून दिला नाही. मूळ कॅसेटच विकली. सासूबाईंचा हुकूम होता. आपल्या माणसाच्या पोटावर पाय नको म्हणाल्या. मग इंग्रजांच्या कशा भरतो, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, 'त्यांनी कोहिनूर नेलाय.'

परदेशी आणि आपलं ही रेघ तुम्ही पत्रात ज्या ठसक्यानं ओढली आहे, तेवढी ती सरळ नाही हो. ज्या बोहेमियनबद्दल वर लिहिलं, ते रचणारा आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बलसारा. पारशी घरातला, झांजिबारमध्ये जन्मलेला, आणि शिकायला कुठं? आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. पहिला बँडही त्यानं तिथंच शाळेतल्या मुलांबरोबर काढला. इथून शंभरेक किलोमीटरवर. आपण तिथं स्ट्रॉबेरी खायला जातो आणि परत येतो.

आणि दुसरा किस्सा. १९९८ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये 'ब्रिमफुल ऑफ आशा' नावाचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. कॉर्नरशॉप या बँडचं. त्यातली आशा म्हणजे आशा भोसले. पेपरात बातमी आली आणि लोक यायला लागले, 'आशाबाईंचं इंग्रजी गाणं द्या.' आम्ही भरून दिलं. दुसऱ्या दिवशी एक आजोबा कॅसेट घेऊन परत हजर. म्हणाले, 'तीनदा ऐकली. यात आशाबाई कुठं आहेत?' मी सांगितलं, आशाबाई यात गात नाहीत, हे त्यांच्याबद्दलचं गाणं आहे. इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलांनी आपल्याकडच्या पार्श्वगायनाची, त्या तबकड्यांची आठवण काढली आहे. आजोबांनी थोडा विचार केला. म्हणाले, 'म्हणजे पाळणा नाही, पोवाडा आहे.' आणि कॅसेट परत घेऊन गेले. सासूबाईंनी त्या दिवशी वहीत लिहिलं, 'नाव आशाचं, गळा परका.'

तुमच्या चार पानांपैकी तिसऱ्या पानावर तुम्ही लहानपणी 'आपली आवड'ला पोस्टकार्डं पाठवायचा असं लिहिलंय. ते पान मला फार आवडलं. तुमचं गाणं एकदाही लागलं नाही हे वाचून वाईट वाटलं. कुठलं गाणं मागत होतात ते मात्र लिहायचं राहिलं आहे. तेवढं कळवा.

प्रश्न : काकू, १९९१-९२ च्या सुमारास माझ्या मामांकडे डिश आली होती. त्यावर एक इंग्रजी गाणं लागायचं. नाच नाही, काही नाही, एका बाईचा फक्त चेहरा. केस अगदी बारीक कापलेले. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. माझी आई पोळ्या लाटता लाटता बाहेर आली आणि हातात लाटणं तसंच धरून संपूर्ण गाणं बघत उभी राहिली. आईला इंग्रजी येत नव्हतं. ती या जूनमध्ये गेली. गाणं कोणतं असेल? — एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : 'नथिंग कम्पेअर्स टू यू'. गायिका आयर्लंडची शिनेड ओकॉनर, साल १९९०. गाणं मुळात प्रिन्स या अमेरिकन कलाकारानं लिहिलेलं. दुसऱ्या एका बँडनं ते आधी गायलंही होतं, पण जगाला कळलं ते हिच्या गळ्यातून.

ताई, पाहण्याआधी एक सांगून ठेवते, नाहीतर एकदम अंगावर येईल. शेवटी शेवटी त्यात एक ओळ आहे. आईनं परसात लावलेली फुलझाडं ती गेल्यावर जळून गेली, अशा अर्थाची. डोळ्यांत पाणी येतं ते त्या ओळीला. ते ठरवून आणलेलं नव्हतं. शिनेडची आई काही वर्षांपूर्वी, १९८५ मध्ये, मोटार अपघातात गेली होती. दोघींचं फारसं बरं नव्हतं. चित्रीकरण चालू असताना ती ओळ आली आणि तिला आवरलं नाही. ते तसंच ठेवलं.

तुमच्या आईंना भाषा येत नव्हती म्हणता. चेहरा तर समोर होता.

सासूबाईंनी हा व्हिडिओ शेजारच्या केबलवर पाहिला होता, मी सोबत होते. वहीत या गाण्यापुढे नुसता नंबर आहे, ११७. वाक्याची जागा कोरी सोडली आहे. मीही त्यात काही लिहिलेलं नाही.

प्रश्न : दर आठवड्याला तुम्ही एकेक गाणं देता, पण तुमचं स्वतःचं सगळ्यांत आवडतं कोणतं ते सांगत नाही. टाळता का? — तीन वाचक, वेगवेगळ्या शब्दांत

उत्तर : टाळतेच. आवडतं गाणं सांगितलं की लोक त्यावरून आपली परीक्षा करतात. पण तिघांनी विचारलंय, तर ऐका. स्वीडनच्या ॲबा या बँडचं 'डान्सिंग क्वीन'. हो, तेच, लग्नाच्या हॉलमध्ये वाजतं ते. हसायचं असेल तर हसून घ्या.

सुरुवातीलाच पियानोवरून एक बोट सर्रकन घसरत खाली येतं. ते ऐकलं की मला अजूनही शटर वर करावंसं वाटतं, कारण सकाळी दुकान उघडल्यावर यजमान डेक तपासायला तेच लावायचे. या गाण्याचा नुसता वाद्यमेळ तयार झाला होता, शब्द अजून गायलेले नव्हते, तेव्हा बँडमधल्या बेनीनं तो घरी नेऊन बँडची गायिका फ्रीडा हिला ऐकवला. ती ऐकता ऐकता रडायलाच लागली. म्हणजे नाचायच्या गाण्याला गाणारीच आधी रडली. मला हे माहीत नव्हतं तेव्हाही त्या गाण्यात काहीतरी ओलं आहे असं वाटायचं. सतरा वर्षांची मुलगी नाचते आहे, आणि तिच्याकडे बघणारं कुणीतरी सतराचं राहिलेलं नाही.

मी बावीसची असताना लग्न होऊन आले. नाच वगैरे आमच्याकडे नव्हतंच. पण दुकान बंद करून आवराआवर करताना हे गाणं लागलं की सासूबाई झाडूचा हात जरा जलद चालवायच्या. मी बघितलं की थांबायच्या. म्हणून मी बघायची नाही.

खोक्यात दौत ठेवणाऱ्या त्याच मुलानं एकदा सांगितलं, की हे गाणं पहिल्यांदा लोकांपुढे प्रत्यक्ष गायलं गेलं ते जून १९७६ मध्ये, स्वीडनच्या राजाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, थेट राजा आणि होणाऱ्या राणीसमोर. सासूबाईंनी लगेच वही काढली. 'दोघींचं, जलद' असं जुनं वाक्य होतं, ते खोडलं आणि वर लिहिलं, 'सीमांतपूजनाचं गाणं.' त्यानंतर पेठेतली दोन-तीन लग्नं तरी अशी झाली, की मुलीकडच्यांनी कॅसेट भरायला देताना यादीत इंग्रजी नाव न लिहिता तेवढंच लिहिलं होतं. त्यातल्या एका कॅसेटवर मी चुकून त्याच नंबराच्या शेजारचं, हाणामारीचं भरून दिलं. व्याही रुखवताशी उभे असताना ते सुरू झालं म्हणे. पैसे परत केले आणि वर पेढे नेऊन दिले.

तो फिल्म इन्स्टिट्यूटचा मुलगा शेवटचा आला तेव्हा नव्वदची एक कॅसेट भरायला देऊन गेला होता, वीस रुपये आगाऊ ठेवून. नेलीच नाही त्यानं. २००४ मध्ये दुकान बंद करताना ती मी घरी आणली. मागच्या दोन्ही टॅब मोडून ठेवल्यात, कुणी चुकून तिच्यावर काही भरू नये म्हणून. पहिल्या बाजूला पहिलंच गाणं सीमांतपूजनाचं आहे. आता तो पन्नाशीत असेल. हे वाचत असेल तर साप्ताहिकाच्या कार्यालयात निरोप ठेवावा आणि कॅसेट घेऊन जावी. पंधरा रुपये बाकी आहेत, सुटे आणावेत.